आधी अडचण, मग उपाय: शाळेसाठी पॅटर्न-भाषा बांधायची पद्धत

सोलापूर शहरातल्या आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शिक्षकांनी लिहिलेले बरेच 'पॅटर्न' गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला आले. मेहनत प्रत्येकात दिसते, पण बहुतेक एकाच जागी चुकलेले असतात. कागदाची सुरुवातच उपायापासून होते. 'मी वर्गात शब्दांचं झाड केलं.' 'मी मुलांचे गट पाडले.' मग ते कसं केलं, मुलं कशी रमली, आणि शेवटी चार फोटो. हा झाला उपक्रमाचा अहवाल. करमाळ्याच्या शिक्षिकेने तो वाचला, तर उद्या तिच्या वर्गात त्याचं काय करायचं हे तिला कळत नाही. उपाय कुठल्या अडचणीवरचा आहे आणि ती अडचण तिच्याकडे आहे का, हे त्यात कुठेच नसतं.

दुसरा घोटाळा शब्दाचा. आपल्याकडे पॅटर्न म्हटलं की 'लातूर पॅटर्न' आठवतो, म्हणजे एका गावात चाललेली अख्खी व्यवस्था उचलून आपल्या गावात लावायची. 'नमुना' म्हणावं तर विहित नमुना किंवा नमुना पाठ डोळ्यांपुढे येतो. इथे हे सगळे अर्थ बाजूला ठेवा. ठरावीक परिस्थितीत पुन्हा पुन्हा उभी राहणारी अडचण, तिच्यामागची ओढाताण आणि ती ओढाताण सोडवणाऱ्या उपायाचा गाभा, हे तिन्ही मिळून पॅटर्न होतो. असे अनेक पॅटर्न एकमेकांना जोडले, कुठला कुणाच्या पोटात बसतो आणि कुणामागून कुठला येतो हे ठरलं, की त्यांची भाषा होते. कल्पना मुळात वास्तुरचनेतली. वास्तुरचनाकार क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली असे २५३ पॅटर्न मांडले. त्यांची सुरुवात प्रदेश आणि शहरांपासून होते आणि मग ते घर, खोली, खिडकी असे खाली उतरत जातात. हा उतरता क्रम ध्यानात ठेवा, सातव्या टप्प्यात तो लागणार आहे.

## तयारी: माणसं, वही आणि वेळ

हे काम एकट्याने करू नका. तीन ते पाच शिक्षक हवेत आणि ते निदान दोन वेगळ्या शाळांतले हवेत. एकाच शाळेतल्या सगळ्यांची इमारत एक, मुख्याध्यापक एक, वस्ती एक. मग अडचण शिकवण्यातली आहे की त्या इमारतीतली, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या गटात मी शहराच्या पूर्व भागातली. माझ्या वर्गातली बरीच मुलं मागावर काम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या घरांतून येतात आणि घरी तेलुगू बोलतात. दुसऱ्या बाई दक्षिण सोलापुरातल्या, त्यांच्या मुलांच्या घरी कन्नड. तिसरे सर माढ्याकडच्या द्विशिक्षकी शाळेतले, मुलांची घरची भाषा मराठीच, पण एका खोलीत दोन इयत्ता. एखादी अडचण या तिन्ही ठिकाणी दिसली, तर ती वस्तीची किंवा भाषेची नाही एवढं नक्की धरता येतं.

सामान थोडंच लागतं. प्रत्येकी एक दोनशे पानी वही, पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे, सुतळी आणि एक सतरंजी. मोबाइलवर टिपणं काढणार असाल तर काढा, पण कार्डं कागदाचीच ठेवा. ती जमिनीवर मांडून हलवावी लागतात.

वेळ सहा ते आठ आठवडे धरा. जुलै ते दिवाळी हा काळ सगळ्यांत सोयीचा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली की शहरातली हजेरी हलते. एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची होते, तासिका आखूड होतात. त्या दिवसांतलं निरीक्षण वर्षभराला लागू पडत नाही.

थांबा. 'माझा उपक्रम पॅटर्नमध्ये बसवून द्या' अशा इच्छेने कुणी गटात आलं असेल, तर तो उपक्रम त्यांना पाकिटात घालून कपाटात ठेवायला सांगा. सहाव्या टप्प्यानंतर उघडू. आधीच उघडला, तर सगळ्यांच्या अडचणी त्या उपायाला शोभतील अशाच निघतात.

## टप्पा १: अडचणींची वही

दोन आठवडे रोज एक नोंद करायची. जिथे काम अडलं, ती जागा. नोंदीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय चाललं होतं, नेमकं कुठे अडलं आणि त्या क्षणी मी काय केलं. कारण लिहायचं नाही, मुलांना विशेषणं लावायची नाहीत, मुलाचं नाव तर अजिबात नाही. पुढे ही वही चार जणांच्या हातात जाणार आहे.

'मुलं लक्ष देत नाहीत' ही नोंद नव्हे. नोंद कशी असावी, ते माझ्या वहीतून देते:

'इयत्ता चौथी, शेवटचा तास, भागाकार. फळ्यावर दोन गणितं सोडवून दाखवली, दहा घरी दिली. दुसऱ्या दिवशी निम्म्या वह्या कोऱ्या. एकीला जवळ बोलावून विचारलं. म्हणाली, बाई, पहिल्यालाच अडतंय, मग वही मिटून ठेवते. मी तेच गणित फळ्यावर परत सोडवून दाखवलं.'

तिच्या वहीच्या पानावर तारीख होती, 'गृहपाठ' हा शब्द पट्टीने अधोरेखित केलेला होता, पहिल्या गणिताचा भाज्य आणि भाजक मांडलेला होता आणि खाली पेन्सिलीने खोडून खोडून कागद पातळ झालेला एक ठिपका होता. मी तोवर 'वही कोरी' एवढंच म्हणत आले होते. पण ते पान कोरं नव्हतं. तिने बसून प्रयत्न केला होता आणि पहिल्याच पायरीला ती एकटी पडली होती. अडचण 'अभ्यास करत नाहीत' ही नसून 'सुरुवात होत नाही' ही आहे, हे मला त्या ठिपक्याने सांगितलं.

'मी काय केलं' हा तिसरा भाग बरेच जण गाळतात. गाळू नका. आपण सवयीने जे करतो, त्यात कधी उपायाचं बीज असतं, कधी चूक. मी तेच गणित परत सोडवून दाखवलं. म्हणजे जे कालच चाललं नव्हतं, तेच मी पुन्हा केलं.

तपासा. दोन आठवड्यांनी नोंदी वाचून काढा. ज्या अडचणी तीनदा किंवा जास्त वेळा आल्या, त्यांच्यापुढे खूण करा, बाकीच्या सोडा. खुणेच्या चार-पाच निघाल्या तर पुरे. पंधरा निघाल्या, तर नोंदी फार मोघम झाल्या आहेत असं समजा.

## टप्पा २: जिथे ती अडचण सुटली आहे, तिथे जा

पॅटर्न शोधायचा असतो, मनाने रचायचा नसतो. ही अडचण कुणीतरी, कुठेतरी, न सांगता सोडवलेली असते. ते शोधा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांचं न बघता केलेला उपाय दिसला, की मगच त्याला पॅटर्न म्हणायचं. पॅटर्न लिहिणाऱ्या लोकांत हा तीनचा नियम सर्रास पाळला जातो आणि तो पाळण्यातच शहाणपणा आहे.

गृहपाठाचं तसंच झालं. दक्षिण सोलापुरातल्या बाई तास संपायच्या आधी शिकवणं थांबवून मुलांना वही उघडायला लावायच्या, 'एक इथंच करा' म्हणायच्या. माढ्याचे सर दारात उभे राहायचे आणि पहिली पायरी लिहिलेली दाखवली की मगच मुलाला बाहेर सोडायचे. आमच्या गल्लीत शिकवण्या घेणारी एक मुलगी आहे. ती प्रत्येकाकडून प्रश्न मोठ्याने वाचून घेते आणि 'आता आधी काय करशील?' एवढं विचारून घरी पाठवते. तिघांच्या तीन रीती, पण गाभा एकच: घरी जाण्याआधी पहिलं पाऊल पडलेलं असतं. तिघांनाही आपण काही विशेष करतोय असं वाटत नव्हतं. विचारल्यावर बाई म्हणाल्या, 'त्यात काय सांगायचं?' असं उत्तर आलं की समजा, तुम्ही बरोबर जागी आला आहात.

माझी स्वतःची चूक सांगते. मुलांनीच प्रश्नपत्रिका काढायची, हे मी एकदा एका सहावीच्या वर्गात केलं आणि छान झालं. तेवढ्यावर 'पॅटर्न' लिहून बैठकीत वाटला. एका मैत्रिणीने तिच्या चौथीत तो करून पाहिला. तिच्या निम्म्या मुलांना धडा सलग वाचता येत नव्हता. प्रश्न कुठून काढणार? दोन तास वाया गेले, मुलं हिरमुसली आणि त्यांना समजावत तिला बसावं लागलं. तो एका वर्गाचा अनुभव होता आणि मी परिस्थितीची ओळसुद्धा लिहिली नव्हती.

तपासा. तीन ठिकाणं सापडली नाहीत, तर कार्डाच्या कोपऱ्यात 'कच्चा' लिहा आणि पुढे चला. फेकू नका. फक्त इतरांना 'हे करा' म्हणून देऊ नका.

## टप्पा ३: ओढाताण लिहा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पॅटर्नचा जीव याच भागात असतो आणि लिहायचा कंटाळाही याचाच येतो.

अडचण टिकून राहते, कारण तिला दोन बाजूंनी ओढ असते. एकाच बाजूची असती, तर कुणीही केव्हाच सोडवली असती. म्हणून प्रत्येक वाक्यात 'पण' हवा. गृहपाठाच्या कार्डावर आम्ही असं लिहिलं:

सराव घरी व्हायला हवा, पण अडलं तर घरी विचारायला कुणी नसतं. आई विड्या वळून उठेपर्यंत संध्याकाळ होते. मुलं अभ्यासाला बसली आहेत याकडे तिचं लक्ष असतं, पण भागाकार मराठीतून समजावणं तिच्या हातातलं नाही.

सगळा सराव वर्गातच करून घ्यावा, पण तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची आणि पुढचा घटक दारात उभा.

बाईंनी फळ्यावर सोडवलं की सगळ्यांना कळल्यासारखं वाटतं, पण खरं कळलं की नाही ते पेन्सिल स्वतःच्या हातात आल्यावरच समजतं. आणि ती हातात येते घरी, बाई जवळ नसताना.

शेवटच्या तासाला मुलं दमलेली असतात, पण गृहपाठ बहुतेक वेळा तेव्हाच दिला जातो.

या टप्प्यावर तीन चुका हटकून होतात. पहिली, तक्रारीला ओढाताण समजणं. 'पालक जागरूक नाहीत' हा आरोप आहे. हे वाक्य त्या पालकांसमोर वाचता येईल का आणि ऐकून ते 'हो, असंच आहे' म्हणतील का, असं स्वतःला विचारा. नसेल, तर वाक्य बदला. विड्या वळणाऱ्या आईबद्दलचं वाक्य आम्ही चार वेळा बदललं. पहिल्या मसुद्यात 'घरी लक्ष देत नाहीत' होतं. ते खोटं होतं, आणि खोट्या ओढाताणीवर बेतलेला उपायही खोटाच निघाला असता. पालकांची सभा घ्या, असं काहीतरी.

दुसरी चूक, 'पण' नसलेली अडचण. खडू संपतात, तर खडू मागवा. त्याला पॅटर्न लागत नाही. तिसरी चूक, आपल्या हाताबाहेरच्या गोष्टी ओढाताणीत घालणं. रिक्त पद, गळकं छत, अर्धा वर्ग दुसऱ्या खोलीत, या गोष्टी खऱ्याच आहेत. त्या 'परिस्थिती'त लिहा. त्या धरूनच उपाय शोधायचा आहे.

तपासा. परिस्थिती आणि ओढाताण एवढंच लिहिलेलं कार्ड एखाद्या सहकाऱ्याला द्या, उपाय दाखवू नका. 'तू काय करशील?' म्हणून विचारा. उत्तर तुमच्या उपायाच्या आसपास आलं, तर ओढाताण नीट उतरली आहे. भलतंच पण करता येण्याजोगं उत्तर आलं, तर एखादी ओढ लिहायची राहिली. शोधा.

## टप्पा ४: 'म्हणून'

उपायाचा परिच्छेद 'म्हणून' या शब्दाने सुरू करायचा. तसं केल्याने तो वरच्या ओढाताणीला बांधलेला राहतो, भलतीकडे भरकटत नाही. लांबी दोन ते चार वाक्यं.

इथे नेम साधावा लागतो. 'चार वाजून पन्नास मिनिटांनी पाठ्यपुस्तकातलं अमुक पान काढा' हे फार अरुंद झालं, तुमच्याच वर्गात चालेल. 'गृहपाठाची गोडी लावावी' हे फार रुंद. त्यावर कुणाचं दुमत नाही आणि त्याने कुणाचं काम होत नाही. आमच्या कार्डावरचा मजकूर असा:

'म्हणून तास संपायच्या सात-आठ मिनिटं आधी शिकवणं थांबवा. गृहपाठातलं पहिलं उदाहरण प्रत्येकाने आपापल्या वहीत सोडवायला घ्यावं. तुम्ही बाकांमधून फिरा, फक्त पहिली पायरी बघा आणि जिथे ती चुकली तिथेच थांबा.'

त्याखाली हाताने काढलेलं एक छोटं चित्र: बाकांच्या रांगा आणि त्यांतून फिरणारा बाण. चित्र काढता आलं नाही, तर उपाय अजून धूसर आहे असं खुशाल समजा.

चित्राखाली किंमत लिहा. प्रत्येक उपायाची किंमत असते आणि ती लपवली की पुढचा माणूस फसतो. आमच्या उपायाची किंमत रोजची सात-आठ मिनिटं. त्यामुळे शिकवणं आटोपशीर करावं लागतं, गृहपाठाची दहा उदाहरणं पाचांवर आणावी लागतात. शिवाय काही मुलं पहिलं झालं की थांबतात, बाकीची चार तशीच राहतात. त्याला हा पॅटर्न पुरत नाही, वेगळा लागतो. तेही लिहिलं.

## टप्पा ५: नाव

नाव बोलण्यात रुळलं पाहिजे. 'आज पहिलं गणित शाळेत केलं का?' असं मधल्या सुट्टीत कुणी कुणाला सहज विचारू शकतं. म्हणून आमच्या पॅटर्नचं नाव 'पहिलं गणित शाळेत'. 'आनंददायी कृतियुक्त गृहपाठ प्रणाली' हे नाव फलकावर शोभेल, तोंडात बसणार नाही. नावात हेतू घालू नका, कृती किंवा वस्तू घाला. दोन ते चार शब्द बस झाले. आद्याक्षरांची जुळवाजुळव नको.

इथवर आलं की एका कार्डावर वरून खाली असा क्रम होतो: नाव, परिस्थिती, अडचण एका वाक्यात, ओढाताण, 'म्हणून', चित्र, किंमत, कुठे कुठे पाहिलं, आणि तळाला दोन रिकाम्या ओळी. त्या रिकाम्या ओळी जोडणीसाठी. त्या आत्ताच भरू नका.

## टप्पा ६: वाचन-बैठक, जिच्यात लेखक गप्प बसतो

चार-पाच जण गोल बसा. प्रत्येकाने कार्ड आधी वाचून यायचं. ज्यांचं कार्ड आहे, त्यांनी त्यातला एक उतारा मोठ्याने वाचायचा आणि मग वही-पेन घेऊन गप्प राहायचं. बाकीच्यांनी लेखक खोलीत नाहीच असं धरून बोलायचं. क्रम असा:

आधी एकाने कार्डाचा सारांश सांगायचा. मग काय चांगलं आहे आणि काय तसंच राहायला हवं, ते. मग काय बदललं तर आणखी चांगलं होईल, ते. सगळ्यांत शेवटी लेखकाने न कळलेल्या मुद्द्यांबद्दल विचारायचं. खुलासे द्यायचे नाहीत. आभार मानून संपवायचं.

गप्प बसणं फार जड जातं, विशेषतः ज्येष्ठ शिक्षकांना. पण त्यातच सगळं आहे. तुम्ही तोंडी खुलासा दिलात, तर या चौघांना कळेल. कार्ड मात्र सांगोल्याला किंवा अक्कलकोटला पोहोचेल तेव्हा तुम्ही सोबत नसणार. सारांश चुकला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही, कार्ड अजून बोलत नाही.

थांबा. 'खूपच छान, स्तुत्य' एवढ्यावर बैठक संपली, तर ती झालीच नाही असं धरा. आणि वरिष्ठांचं कार्ड सगळ्यांत आधी घ्या. त्यांनी गप्प बसून ऐकलं, की नव्या शिक्षकांना धीर येतो.

पाकिटातले उपक्रम आता बाहेर काढायचे. कुणाच्या उपक्रमामागे खरी ओढाताण असेल तर त्याचं कार्ड होईल. नसेल तर ते त्यांच्याच ध्यानात येतं, सांगावं लागत नाही.

## टप्पा ७: जोडणी

दहा-बारा कार्डं झाली की बरेच जण त्यांचं पुस्तक बांधतात आणि काम संपलं म्हणतात. ती यादी झाली, भाषा नाही. शब्दकोश पाठ केला म्हणून वाक्य बोलता येत नाही, तसंच हे.

आपल्या सोलापूरच्या चादरीवर नक्षी विणणारं जेकार्ड ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना हे पटकन कळेल. मागावर भोकं पाडलेल्या कार्डांची माळ फिरत असते. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा, आणि कुठले उभे धागे वर उचलायचे हे त्याची भोकं ठरवतात. एकेक कार्ड कितीही अचूक असो, माळेत दोन कार्डांची जागा बदलली की फुलाच्या पाकळीत खोट दिसते. नक्षी कार्डांच्या क्रमात असते.

फरक एक आहे, तोही सांगायला हवा. जेकार्डची माळ एकेरी असते. पॅटर्नची जोडणी जाळ्यासारखी असते, एका कार्डापासून खाली दोन-तीन फाटे फुटतात.

सतरंजी अंथरा. सगळ्यांत वर ती कार्डं, जी वर्षाची किंवा सत्राची रचना ठरवतात. त्यांच्याखाली एका घटकाची, त्याखाली एका तासाची, सगळ्यांत खाली काही मिनिटांची. आमची मांडणी निघाली ती अशी. वर 'एक इयत्ता बोलते, एक लिहिते', म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता असताना तोंडी शिकवणं आणि लेखी काम आलटून पालटून चालवणं. त्याखाली 'फळ्यावर आजचा प्रश्न'. त्याखाली 'आधी घरच्या भाषेत', म्हणजे उत्तर आधी शेजाऱ्याला तेलुगू, कन्नड, उर्दू जी येईल त्या भाषेत सांगायचं आणि मग मराठीत सगळ्यांसमोर. तळाला 'पहिलं गणित शाळेत' आणि 'चूक फळ्यावर'.

आता प्रत्येक कार्डाला दोन प्रश्न विचारा. हे कार्ड कुठल्या मोठ्या कार्डाचं काम पूर्ण करतं? आणि हे नीट चालायला कुठली लहान कार्डं लागतात? उत्तरं त्या दोन रिकाम्या ओळींत लिहा, कार्डांमध्ये सुतळी टाका. माढ्याच्या सरांनी इथे एक गोष्ट दाखवली, जी आमच्या डोक्यातही नव्हती. 'एक इयत्ता बोलते, एक लिहिते' त्यांच्याकडे चालतं, ते 'पहिलं गणित शाळेत'मुळेच. लिहिणाऱ्या इयत्तेचं पहिलं उदाहरण त्यांनी आधी बघितलेलं असतं, म्हणून ते निर्धास्तपणे दुसऱ्या इयत्तेकडे वळू शकतात. ही सुतळी पडली तेव्हा आम्हाला पहिल्यांदा वाटलं की भाषा होतेय.

तपासा. एकही सुतळी नसलेलं कार्ड असेल, तर एक तर ते या भाषेतलं नाही, किंवा मधलं एखादं कार्ड लिहायचं राहिलंय. आणि एखाद्या कार्डाला सगळीकडून सुतळ्या आल्या असतील, तर ते बहुधा फार मोघम आहे. 'मुलांशी प्रेमाने वागा' सगळ्यांनाच जोडता येतं, पण त्याने कुठल्याच कार्डाचं काम पुढे जात नाही.

## टप्पा ८: दुसऱ्यांचे पॅटर्न घेताना

सगळं आपणच शोधायला हवं असं नाही. संगणकाचं प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांनी शिकवण्याचे पॅटर्न बऱ्याच आधीपासून लिहून ठेवलेत आणि त्यांतले काही प्राथमिक शाळेतही चालतात. एकात शिक्षक मुलांना मोठं, बहुतांशी बरोबर काम देतो, त्यात काही चुका मुद्दाम पेरलेल्या असतात आणि मुलांनी ते दुरुस्त करायचं असतं. दुसऱ्यात मुलांनी ठरावीक चूक मुद्दाम करायची आणि तिचा परिणाम काय होतो ते बघायचं. सर्वांत महत्त्वाचा विषय अभ्यासक्रमात लवकरात लवकर आणायचा, हा आणखी एक.

घेताना उपाय सोडून बाकी सगळं आधी वाचा. परिस्थिती जुळते का? ओढाताण आपलीच आहे का? मुद्दाम चूक करून बघण्याचा पॅटर्न संगणकावर सोपा आहे, कारण चूक झाली की यंत्र लगेच दाखवतं. भागाकाराच्या वहीत चूक बोलत नाही. तिथे उलट गुणाकार करून ताळा पाहणं जोडलं, तरच तो पॅटर्न लागू होतो. आमच्या 'चूक फळ्यावर' या कार्डात ताळा आला, तो असा. उसन्या कार्डावर 'उसनं' असं स्पष्ट लिहा आणि आपण काय बदललं ते खाली नोंदवा.

## टप्पा ९: भाषा वापरून एक घटक आखा

पाठाचं टाचण, म्हणजे शिकवण्याची आखणी, काढताना सतरंजीवरचं अख्खं जाळं समोर ठेवा. येणारा घटक आणि आपला वर्ग डोळ्यांसमोर आणा आणि वरून खाली उतरत पाच ते आठ कार्डं निवडा. जास्त नको. निवडलेल्या प्रत्येक मोठ्या कार्डाखालचं निदान एक लहान कार्ड घ्या, नाहीतर ते हवेत राहतं. मग ती कार्डं घटकाच्या क्रमाने भिंतीवर चिकटवा आणि टाचणात पूर्ण वर्णन न लिहिता फक्त नावं लिहा.

नव्या लोकांची सर्वांत मोठी चूक इथे होते: एकाच तासात चार पॅटर्न. मुलं गोंधळतात आणि कशामुळे काय झालं तेही कळत नाही. वर्गात एका वेळी एकच नवं कार्ड आणा आणि ते दोन आठवडे चालवा. पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. 'पहिलं गणित शाळेत' सुरू केलं, तेव्हा माझा तास रोज पाच मिनिटं लांबत होता आणि पुढच्या तासाचे सर दारात उभे असायचे. आठवड्याने मी शिकवणं दहा मिनिटं आधी आवरायला शिकले. त्या पहिल्या दिवसांवरून कार्ड बाद ठरवू नका.

## टप्पा १०: तारे आणि दुरुस्ती

अलेक्झांडर यांच्या पॅटर्नपुढे तारे असतात. दोन तारे म्हणजे गाभा सापडल्याची खात्री आहे, एक म्हणजे बरंचसं जमलंय पण सुधारायला जागा आहे, तारा नाही म्हणजे हा एकच मार्ग आहे असं म्हणता येत नाही. ही रीत जशीच्या तशी उचला. सत्राच्या शेवटी गटाने एकत्र बसून तारे द्यायचे आणि काढायचेही. आमच्या 'पहिलं गणित शाळेत'ला सध्या एक तारा आहे. पहिलं झाल्यावर थांबणाऱ्या मुलांचं काय करायचं, ते अजून आम्हाला सुटलेलं नाही.

'आधी घरच्या भाषेत' या कार्डावरचा तारा आम्ही दोनवरून एकवर आणला. पूर्व भागात ते चोख चालतं, पण एका वर्गात तेलुगू बोलणारं एकच मूल होतं. शेजाऱ्याला त्याची भाषा येत नव्हती आणि सगळे बोलत असताना ते एकटं पाटीकडे बघत बसलं. परिस्थितीच्या ओळीत आता भर घातली आहे: 'तीच घरची भाषा असलेली निदान दोन मुलं वर्गात असतील तेव्हा.' एकट्या मुलासाठी वेगळं कार्ड लागेल. त्याच्या नोंदी सुरू आहेत.

कार्डांची एक प्रत शाळेत दोऱ्यात ओवून टांगा, कपाटात बंद करू नका. मागची बाजू कोरी ठेवा. ज्याने कार्ड वापरलं, त्याने मागे तारीख, इयत्ता आणि काय अडलं ते एका ओळीत लिहावं. मागची बाजू भरली की कार्ड नव्याने लिहायची वेळ झाली. जूनमध्ये शाळा उघडली आणि कुणी नवे शिक्षक बदलून आले, की त्यांच्या हातात आधी एक कोरी वही द्या आणि दोन आठवड्यांनी कार्डांचा जुडगा.